पाचव्या गणपतीची जागा

लग्नपत्रिका हातात आली की माणसं आधी तारीख बघतात. रविवार आहे का, त्याच दिवशी दुसरं कुठलं लग्न अडकलंय का, जेवण दुपारचं की संध्याकाळचं. मी आधी वर बघते. अगदी वर, मधोमध, जिथं बोटाच्या पेराएवढं एक चिन्ह असतं आणि ज्याच्याकडं कुणीच बघत नाही. ते पाहून झालं की मग खाली उतरते. घरातले हसतात. म्हणतात, ही पत्रिका वाचत नाही, तपासते. तपासतेच. ही सवय मला दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या एका लग्नसराईनं लावली, आणि ज्या कारणानं लागली त्याची लाज अजून पुरती गेलेली नाही.

यंदाची सराई सुरू झाली आहे. गल्लीच्या तोंडाशी मांडववाल्याचा टेम्पो उभा असतो. भर दुपारी बँडवाले घामाघूम होऊन एकच गाणं घोटत बसतात. संध्याकाळी वळवाचे ढग पन्हाळ्याच्या बाजूला जमतात, नुसतेच गडगडतात आणि निघून जातात. अशा वेळी नवी पत्रिका टाइप करायला बसले की तो जुना उन्हाळा हटकून आठवतो. आधी वास येतो. शाईचा, ट्रेसिंग पेपरचा, तापलेल्या मॉनिटरवरच्या धुळीचा.

लक्ष्मीपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. तेव्हा दुकान म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि एक टेबलफॅन. फॅनचं तोंड कॉम्प्युटरकडं असायचं. तो तापला तर काम थांबायचं, मी तापले तर कुणाचं काही अडत नव्हतं. मी मूळची कुरुंदवाडची, माहेर शेतीवाल्या जैनांचं. लग्न होऊन कोल्हापुरात आले, टायपिंग येत होतं म्हणून या धंद्यात पडले आणि रमले. पत्रिका ठरवायला माणसं कधी एकटी येत नसत. मुलीचा बाप, चुलता, मामा, एखादी आत्या, अशी फौजच यायची. नमुन्यांचा आल्बम मांडीवर घेऊन तासभर खल चालायचा. कुणाचं नाव आधी, कुणाच्या नावामागं 'कैलासवासी' लावायचं राहिलं, यावरून माझ्यासमोर रुसवेफुगवे व्हायचे. एकदा तर एक काका 'आमचं नाव शेवटच्या ओळीत म्हंजे आम्ही भांडी घासायला येणार व्हय' म्हणून तरातरा जिना उतरून गेले होते. मला हे सगळं आवडायचं. दुसऱ्याच्या घरातलं कार्य आधी माझ्या पडद्यावर व्हायचं.

त्या वेळी आमच्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. आम्ही रोज त्याला फसवत होतो. त्याच्या लेखी आम्ही इंग्रजीच बडवत असू, फक्त फॉन्टमध्ये त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी कुणीतरी क, ख, काने आणि वेलांट्या बसवून ठेवलेल्या असायच्या. कॉम्प्युटर लक्षात ठेवायचा तो नुसता नंबर. त्या नंबरवर कोण बसलंय ते फॉन्ट ठरवायचा. चिन्हांचा फॉन्ट वेगळा होता. ऑल्टची कळ दाबून धरायची, उजव्या हाताला चार आकडे मारायचे, ऑल्ट सोडली की पडद्यावर कलश. दुसरे चार आकडे मारले की स्वस्तिक. तिसरे मारले की सनई-चौघडा. कुठल्या आकड्यावर काय, याचा तक्ता मी पुठ्ठ्यावर काढून भिंतीला चिकटवला होता. त्यात गणपतीच पाच होते. एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या, एक नुसत्या रेघांतला, एक पिंपळपानातला. पाचवा जरा जाडजूड होता, मोठ्या मुकुटाचा. त्याला कुणी मागत नसे.

एप्रिलच्या शेवटी दिनकर कांबळे आले. नेसरीचे, पोस्टमन. मुलीचं लग्न वैशाखी पौर्णिमेच्या सुमाराला होतं. एकटेच आले होते. दारातच 'जयभीम' म्हणाले, खाकी पिशवीतून मजकुराचा कागद काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवला. अक्षर मोत्यासारखं. वर 'मंगल परिणय' असं लिहिलेलं, आणि त्याच्या वर पेन्सिलनं काढलेला एक गोल.

"नावात चूक नको ताई," ते म्हणाले. "आन वर चाक पायजे. आठ आऱ्यांचं."

मी तक्त्याकडं पाहिलं. कमळ होतं, मोर होता, केळीचे खांब होते. चाक नव्हतं. "चाक नाही हो यात. कमळ घालू का? छान दिसेल."

"कमळ कशाला? चाकच पायजे की." मग आवाज थोडा उतरवून म्हणाले, "माझ्या बाला वाचाय येत न्हाय. त्याला येवढंच वाचाय येतंय. चाक दिसलं की त्यो वळखतोय, ह्ये आपलं. छप्पन सालानंतर त्यानं घरातलं देव टोपलीत घालून नदीत सोडलं. तवापास्नं आमच्या दारावर, भिताडावर ह्येच. नातीच्या लग्नाची पयली पत्रिका त्याच्या हातात द्यायची हाय."

आमच्याकडं पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात. त्यांच्या घरी ती त्या म्हाताऱ्याच्या हातात जाणार होती. मला ते मनापासून आवडलं आणि मी कामाला लागले. त्यांच्या खिशात एका जुन्या पत्रिकेचा तुकडा होता, तो स्कॅन केला. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चाक रेघ रेघ करून उभं केलं. अख्खी दुपार गेली. आता ते फॉन्टमध्ये घालायचं तर जागा पाहिजे, आणि जागा तर सगळ्या भरलेल्या. मग मी पाचव्या गणपतीला उठवलं आणि त्याच्या नंबरवर चाक बसवलं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालायचं. मला तर स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

प्रूफ काढलं. दिनकररावांनी नखानं आरे मोजले. आठ भरले. "ब्येस झालं," म्हणाले आणि खाली सही केली.

त्याच आठवड्यात माझ्या प्रिंटरचा ड्रम गेला. ऐन सराईत, पत्रिकांचा ढीग पडलेला असताना. मग मी काय करायची, तर फाइल फ्लॉपीवर घ्यायची आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका दुकानात पाठवायची. तिथं छपाईच्या प्लेटसाठी ट्रेसिंग पेपरवर प्रिंट निघायचं, तिथूनच ते बापूंच्या छापखान्यात जायचं. बापू म्हणजे आमचे ठरलेले छापखानेवाले, चाळीस वर्षं शाईत हात घातलेला माणूस. कांबळ्यांची पत्रिका अशीच गेली आणि अशीच छापून आली. चारशे. मी गठ्ठ्यातली एक काढून वाचली. मुलीचं नाव, मुलाचं नाव, वार, वेळ, स्थळ. सगळं बिनचूक. दिनकररावांनीही माझ्यासमोर एक काढून वाचली, व्याह्यांच्या गावाच्या नावावरून बोट फिरवलं आणि गठ्ठा पिशवीत घालून एसटी गाठली.

चौथ्या दिवशी दुपारी ते परत आले. ऊन मी म्हणत होतं. जिन्यावरून येतानाच त्यांचा आवाज आला, "ताई, ह्ये काय केलासा ओ?" खुर्चीवर बसले नाहीत. पत्रिका टेबलावर ठेवली आणि वरच्या बाजूला बोट टेकवलं. बोट उचललं तेव्हा त्याखाली पाचवा गणपती होता. जाडजूड, मोठ्या मुकुटाचा.

मी भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहिलं, पुन्हा पत्रिकेकडं. त्यांनीच सांगितलं. पत्रिका घेऊन घरी गेले त्या संध्याकाळीच मुंबई-पुण्याच्या आणि इतर लांबच्या पाहुण्यांच्या पंधरा पत्रिका त्यांनी पोस्टात घातल्या. शिक्के स्वतःच्याच हातानं मारले. सकाळी थैली गेली. म्हातारा दोन दिवस आपल्या लेकीकडं गेला होता, तो आल्यावर त्याला समोर बसवून सगळ्या घरासमक्ष पहिली पत्रिका त्याच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्याजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग परत केली.

"म्हणाला, ही आपली न्हवं. दुसऱ्या कुणाची तरी चुकून आली हाय, त्येंची त्येस्नी द्यून ये." दिनकरराव हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हते. "घरात सगळी शिकलेली. पोरगी बारावी झालेली. मी रोज शंभर पत्ते वाचतोय. कुणाला दिसलं न्हाय. मलाबी न्हाय दिसलं. ज्याला वाचाय येत न्हाय त्येनं वाचलं."

मी फ्लॉपी, फॉन्ट, नंबर, जमेल तसं समजावू लागले. कॉम्प्युटर चित्र पाठवत नाही, नंबर पाठवतो. माझ्या मशीनवर त्या नंबरवर चाक होतं. दुसऱ्या दुकानात त्याच नावाचा फॉन्ट होता, पण मूळचा, न बदललेला. तिथं त्या नंबरवर गणपतीच बसलेला होता.

पोस्टमनला हे समजायला वेळ लागला नाही. "म्हंजे पत्ता त्योच. राहणारा दुसरा."

"हो."

"म्हंजे तुम्ही चाकाला दुसऱ्याच्या घरात बसीवलंतासा व्हय."

बरोबरच होतं ते. गणपतीचा काही दोष नव्हता, तो आपल्या जागेवर येऊन बसला होता. उपरं होतं ते चाक, आणि त्याला उपरं मी केलं होतं.

पुढं कित्येक दिवस मला एकच गोष्ट खात राहिली. चूक मशीनची म्हणता येईल, पण ती कुणाला दिसली कशी नाही? मी बापूंना विचारलं तर ते मशीन पुसता पुसता म्हणाले, "वर गणपती हाय की, म्हंजे बरोबरच हाय की." त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. चाळीस वर्षं वर गणपती बघितलेल्या डोळ्यांना तो तिथं असल्याचं कळतसुद्धा नव्हतं. माझ्याही. माझ्या धाकट्या बहिणीच्या पत्रिकेवर आमच्या धर्माचा हात यायला हवा होता, तळव्यावर चक्र असलेला. तो तक्त्यात नव्हता म्हणून मी डाव्या सोंडेचा गणपती घालून मोकळी झाले होते. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आम्हाला ती शोभा होती. कांबळ्यांच्या घरात तो एका माणसानं आयुष्यात एकदा घेतलेला निर्णय होता, आणि तो चाळीस वर्षं पाळला होता. हा फरक मला तोवर कुणी सांगितला नव्हता आणि मीही कधी विचारला नव्हता.

पत्रिका पुन्हा छापायच्या हे तर ठरलंच. बापूंनी हातातलं काम थांबवून मशीन रिकामं करून दिलं. पण आता माझा फॉन्टवर विश्वास राहिला नव्हता. मी पत्रिकेचा मजकूर ट्रेसिंगवर काढून आणला, वरची जागा कोरी ठेवून. मग कंपास घेतला, काळी शाई घेतली आणि त्या कोऱ्या जागेत हातानं चाक काढायला बसले. दिनकरराव समोर बसून होते. फॅन बंद ठेवला होता, कागद हलू नये म्हणून. कपाळावरचा घाम मी दंडाला पुसत होते. सातवा आरा ओढताना हात हलला आणि तो बाकीच्यांपेक्षा जाड झाला.

"दुसरं काढते."

"ऱ्हाऊ दे. आठ हायेत न्हवं? हाताचं हाय, वळखू येतंय."

पण त्या पंधरा पत्रिका कोण परत आणणार होतं? त्या पाहुण्यांच्या घरी पोचल्या होत्या. दिनकरराव उठले, पुन्हा बसले. "मुंबईच्या चुलत्याचा फोन आलता शेजारच्या मास्तरांच्या घरी. म्हणाला, दिनकरनं देव परत आणले काय घरात? बा जित्ता असताना?" त्यांनी टेबलावरची चुकीची पत्रिका पालथी घातली. "मी सांगून कोण ऐकणार हाय, ताई. म्हणतील, आता सारवासारव करतोय. तुम्हीच लिवून द्या."

खाली पोस्टाच्या पेटीशेजारच्या टपरीतून पंधरा पोस्टकार्डं आणली. प्रत्येकावर आधी नव्या पत्रिकेवरच्यासारखंच चाक काढलं, सातव्या जाड आऱ्यासकट. खाली लिहिलं: 'आपणास आलेल्या पत्रिकेवर चुकीचे चिन्ह छापले गेले आहे. खरे चिन्ह वर काढले आहे. चूक कांबळे कुटुंबाची नाही, माझी आहे.' त्याखाली माझं पूर्ण नाव, आणि 'पत्रिका टाइप करणारी'. पंधराही कार्डांवर हेच. शेवटच्या कार्डापर्यंत बोटं काळी झाली होती. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येत होता, इतक्या लहान चिन्हापायी इतकं सगळं, असा. तो राग दहाव्या-अकराव्या कार्डाच्या आसपास कधीतरी गेला. पत्ते दिनकररावांनी घातले, पाठवणाऱ्याच्या जागी त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिला आणि कार्डं पेटीत टाकून ते एसटी स्टँडकडं गेले. लग्नाचं आमंत्रण देऊन गेले होते. मी गेले नाही. तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

मग वर्षं गेली. फ्लॉप्या गेल्या, भिंतीवरचा तक्ता पिवळा पडून निघाला. कॉम्प्युटरला खरोखरची मराठी येऊ लागली. आता 'क'चा नंबर 'क'चाच असतो, कोल्हापुरात आणि टोकियोतही. नवीन पद्धत शिकताना मी चिन्हांची यादी चाळत होते आणि एकाएकी समोर चाक आलं. आठ आऱ्यांचं. त्याला स्वतःचा नंबर होता: २६३८. पडद्यावर हे चार आकडे लिहायचे, ऑल्ट दाबून एक्स मारायचं, की आकडे जातात आणि त्या जागी चाक उभं राहतं. मी ते दहा-बारा वेळा केलं. नंतर कळलं की हा नंबर त्या उन्हाळ्याच्या कितीतरी आधीच ठरला होता. मी पाचव्या गणपतीला उठवत होते तेव्हा जगात कुठंतरी चाकाची हक्काची जागा तयार होती, फक्त ती लक्ष्मीपुरीपर्यंत पोचली नव्हती. आमच्या धर्मातल्या त्या हाताला असा नंबर मला अजून सापडलेला नाही. मी अधूनमधून शोधते.

या नव्या पद्धतीतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एखाद्या मशीनवर ते चिन्ह दाखवायची सोय नसेल तर तिथं एक रिकामा चौकोन दिसतो. बाकीचे लोक त्या चौकोनाला वैतागतात. मला तो प्रामाणिक वाटतो. आपल्याला ठाऊक नाही एवढंच तो सांगतो, आपल्या सवयीचं काही तिथं आणून बसवत नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि दिनकरराव दारात उभे राहिले. केस पांढरे झालेले, आता निवृत्त. मी ओळखलं आणि उठूनच उभी राहिले.

"बसा बसा. ल्योकाचं लग्न काढलंय," ते म्हणाले. जसं काही मधे काही घडलंच नव्हतं.

मी मजकूर बाजूला ठेवला आणि आधी त्यांना चाक दाखवलं. चार आकडे, ऑल्ट, एक्स. त्यांनी चष्मा लावून पडद्यावर बोटानं आरे मोजले. "आता ह्ये दुसरीकडं नेलं तर?"

"बदलणार नाही. फार तर रिकामा चौकोन दिसेल."

"रिकामं चालतंय," ते म्हणाले. "दुसरं नको." मग चष्मा काढून पुसत, "म्हंजे मिळालं म्हणायचं त्येला घर."

मी वडिलांची चौकशी केली. जाऊन सहा वर्षं झाली, म्हणाले. मग शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. पोस्टकार्ड होतं. वर चाक, सातवा आरा जाड. खाली माझं अक्षर. त्यावर तांबड्या शाईत शेरा: 'पत्ता सोडून गेले.'

"कबनूरच्या मेव्हण्याचं. त्येनं यंत्रमागाजवळची खोली सोडलीती. कार्ड फिरून माझ्याकडंच आलं. माझं टपाल मीच माझ्या घरात वाटलं." ते हसले. "बानं हातात घेतलं. चाक वळखलं. म्हणाला, ह्ये आपलं हाय, पर खाली काय लिवलंय? मी वाचून दाखीवलं. त्येनं परत वाचाय लावलं. शेवटचं तेवढं वाच म्हणाला. चूक माझी आहे. मग म्हणाला, असं लिवून आजवर कोण दिलंय आपल्याला? ठेव ते. बुद्धाच्या फोटोमागं ठेवलंतं त्येनं, जाईस्तवर."

मी कार्ड हातात धरून बसले. डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत.

दिनकरराव म्हणाले, "कॉम्प्युटरचं चाक चांगलं हाय. पर पत्रिकेवर ह्येच घाला. जाड आऱ्याचं."

मी कार्ड स्कॅनरवर ठेवलं. पत्रिका तयार झाली, प्रूफ निघालं, मी ते दोघांच्या मधे टेबलावर ठेवलं. मुलाचं नाव, मुलीचं नाव, वार, वेळ, स्थळ, सगळं होतं. आम्ही दोघांनीही आधी वर बघितलं.